मोहरी, जिरं आणि बोल्ट्झमानचा डब्ल्यू

दिवस पहिला : व्हिएन्ना

भाचीनं यादी पाठवली होती. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, अर्धा किलो मोहरी, अर्धा किलो जिरं. "मावशी, इथे मिळते मोहरी, पण ती आपल्यासारखी तडतडत नाही." आता मोहरीचं तडतडणं देशागणिक बदलतं यावर माझा विश्वास नाही, पण भाचीपुढे फिजिक्स चालत नाही. मी मोहरी आणि जिरं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून एकाच स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबा सुटकेसच्या तळाशी दाबला.

व्हिएन्नात तिच्या स्वयंपाकघरात डबा उघडला तर दोन्ही पिशव्या फाटलेल्या. सांगली ते मुंबई बसनं आणि पुढे विमानानं, असा सगळा रस्ता डबा हलत आला होता. एक किलो एकजीव मिश्रण. भाचीनं कपाळाला हात लावला. नवरा म्हणाला, "अगं, तू तर हेच बघायला आलीस ना?"

टोमणा बरोबर बसला. तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून मी निवृत्त झाले, आणि पहिलावहिला युरोप प्रवास ठरवताना एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाच्या, लुडविग बोल्ट्झमानच्या, गावांचा ठरवला. व्हिएन्ना, लिन्झ, ग्राझ आणि शेवटी समुद्राकाठचं दुइनो. नवरा बँकेतून निवृत्त. त्यानं नकाशा बघून एवढंच विचारलं होतं, "यातून स्वित्झर्लंड किती लांब पडतं?"

कारण सांगते. वायूंच्या गतिज सिद्धांताचा धडा आला की दरवर्षी मी वर्गात एक गोष्ट सांगायचे. एक शास्त्रज्ञ होता, त्याचा अणूंवर विश्वास होता, जगाचा नव्हता. सगळे त्याच्यावर हसले, शेवटी हताश होऊन त्यानं जीव दिला, आणि दोनच वर्षांनी अणू असतात हे सिद्ध झालं. पोरं गप्प व्हायची, मागच्या बाकावरचीसुद्धा. गोष्ट फार चांगली होती, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. निवृत्तीनंतर निवांत वाचायला घेतलं तर एकेक टाका उसवायला लागला. म्हटलं, तीस बॅचना सांगितलंय, निदान एकदा जागेवर जाऊन यावं.

रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर मोहरीचे दहा आणि जिऱ्याचे दहा दाणे मोजून घेतले आणि भाचीला बसवलं. ती सॉफ्टवेअरवाली आहे, पटकन पकडते. समज, डब्यात दोन कप्पे आहेत, प्रत्येकात दहा दाणे मावतात. वीसपैकी कुठले दहा दाणे डाव्या कप्प्यात जातील याचे एकूण प्रकार १,८४,७५६. त्यातला "सगळी मोहरी डावीकडे" हा प्रकार फक्त एक. पाच मोहरी आणि पाच जिरं डावीकडे, असे प्रकार ६३,५०४. सहा-चार किंवा चार-सहासुद्धा "मिसळलेलं" धरलं, तर शंभरात ब्याऐंशी वेळा मिसळलेलंच मिळणार. डब्याला मिसळायची हौस नाही आणि कुणी त्याला तसं सांगितलेलंही नाही. मिसळलेल्या अवस्था बेसुमार आहेत आणि वेगळी अवस्था एकुलती एक आहे, एवढंच. हे झालं वीस दाण्यांचं. किलोभर दाण्यांना ती संख्या लिहायलासुद्धा वही पुरायची नाही.

या "किती प्रकारे" ला बोल्ट्झमाननं डब्ल्यू म्हटलं. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, चहा निवतो, उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो आणि परत काडीत शिरत नाही, या सगळ्यामागे ही मोजदाद आहे, असं त्यानं १८७७ साली मांडलं. एन्ट्रॉपी नावाची जी गूढ राशी तोवर वाफेच्या इंजिनांच्या हिशोबात वावरत होती, तिला त्यानं मोजणीवर आणून ठेवलं.

"मग उलटं हलवलं तर?" भाची म्हणाली.

हाच प्रश्न १८७६ साली योहान लोश्मिटनं विचारला होता, आणि तो बोल्ट्झमानचा जवळचा मित्र. न्यूटनचे नियम पुढे-मागे सारखेच चालतात, मग सगळ्या रेणूंचे वेग उलटे केले तर वायू आल्या वाटेनं परत गेला पाहिजे. "करा की मग उलटे," असं बोल्ट्झमान म्हणाला म्हणतात. खरंखोटं कुणास ठाऊक, पण खरं उत्तर त्यानं दिलं ते त्या मोजणीतून. परत जाणं अशक्य नाही, फक्त इतकं असंभाव्य की वाट बघण्यात अर्थ नाही.

नवऱ्यानं वाट बघितली नाही. त्यानं मोठं ताट घेतलं, तिरकं धरलं आणि बोटानं टिचक्या मारायला लागला. मोहरी गोल, ती गडगडत खाली, जिरं वर अडकून. दीड तासात बरंचसं वेगळं केलं. मध्ये एक कप चहा आणि दोन बेसनाचे लाडू खर्ची पडले. ताटातली एन्ट्रॉपी कमी करायची तर बाहेर कुठेतरी ती वाढवावी लागते, हे मी वर्गात कधी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं. शेवटची वाटीभर तशीच राहिली. ती भाचीनं वेगळ्या बरणीत भरून ठेवली.

दिवस दुसरा : ७१ नंबरची ट्राम

व्हिएन्नाचे लोक कुणी वारलं की "त्यानं ७१ धरली" म्हणतात. ही ट्राम मध्यवर्ती दफनभूमीला जाते. आपल्याकडच्या "वर गेला" पेक्षा मला हे बरं वाटलं, निदान तिकीट तरी काढावं लागतं.

दोन नंबरच्या दाराशी उतरलो. ही दफनभूमी १८७४ ची, अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली, आणि इथे सुमारे तीस लाख माणसं पुरलेली आहेत. जिवंत व्हिएन्नाकरांपेक्षा जास्त. दाराशी फुलवाल्या, आत चिनारासारखी मोठाली झाडं, सायकलवरून फिरणारे लोक. बीथोवन, शूबर्ट आणि ब्राह्म्स एकाच घोळक्यात आहेत, तिथे बसभरून पर्यटक होते. आम्ही १४ सी गट शोधत पुढे गेलो.

संगमरवरी दगड, त्याच्यापुढे दाढीवाला अर्धपुतळा, थोडा रागावल्यासारखा. आणि डोक्याच्या वर कोरलेलं एस बरोबर के लॉग डब्ल्यू. बाकी काही नाही. ना श्लोक, ना क्रॉसखालचं वचन. खाली घरातल्यांची नावं.

मी हे समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! दगडात बघताना आधी दिसलं ते हस्ताक्षर, म्हणजे कोरणाऱ्याचं, आणि लॉगच्या "जी"चं वळण. मग आठवलं की बोल्ट्झमाननं स्वतः हे असं लिहिलंच नाही. एन्ट्रॉपी, म्हणजे एस, ही डब्ल्यूच्या लॉगच्या प्रमाणात असते हा विचार त्याचा. "के" हा आकडा घेऊन ते या रूपात लिहिलं मॅक्स प्लांकनं, १९०० च्या सुमारास, तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं कोडं सोडवताना. प्लांक तोवर अणूवाल्यांच्या बाजूचा नव्हता. त्याचाच सहायक झर्मेलो १८९६ मध्ये बोल्ट्झमानशी वाद घालत होता. पण प्रकाशाचं सूत्र बसवायला दुसरा काही इलाज उरला नाही तेव्हा प्लांकनं बोल्ट्झमानची मोजणीची रीत उचलली, आणि त्यातून ऊर्जेच्या पुंजाची, म्हणजे क्वांटमची, कल्पना निघाली. म्हणजे ज्याला आपण बोल्ट्झमान स्थिरांक म्हणतो तो प्लांकनं काढला, आणि बोल्ट्झमानच्या मरणानंतर तो त्याच्या थडग्यावर आला. थडगंही आधी इथलं नव्हे. १९०६ मध्ये त्याला ड्योब्लिंगला पुरलं होतं, १९२९ मध्ये इथे आणलं, आणि हा पुतळ्याचा दगड १९३३ मध्ये उभा राहिला.

"लॉग कशाला?" नवऱ्यानं विचारलं. बँकेत चक्रवाढ व्याज काढलेला माणूस, त्याला सांगणं सोपं. दोन डबे शेजारी ठेवले तर प्रकारांचा गुणाकार होतो, पण एन्ट्रॉपीची बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करणारं यंत्र म्हणजे लॉग. तो म्हणाला, "मग हा माणूस हिशोबनीस होता म्हण की." होता. बाप कर खात्यातलाच होता.

नेलेली फुलं ठेवली. कुणीतरी आधीच एक निळी पेन्सिल ठेवून गेलं होतं.

दिवस तिसरा : कोंबड्यांच्या खुराड्याचं दार

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत आतल्या चौकाभोवती कमानींचा वऱ्हांडा आहे आणि त्यात जुन्या प्राध्यापकांचे पुतळे मांडले आहेत. बोल्ट्झमान, त्याचा गुरू योसेफ श्टेफान, लोश्मिट. श्रोडिंगरच्या पुतळ्याखाली त्याचं समीकरण. मधल्या हिरवळीवर मुलं आरामखुर्च्या टाकून झोपलेली. आमच्या कॉलेजात संस्थापकांच्या पुतळ्यासमोर असं कुणी लोळलं असतं तर नोटीस निघाली असती.

श्टेफानबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. बोल्ट्झमान १८६३ मध्ये इथे शिकायला आला. श्टेफाननं त्याच्या हातात मॅक्सवेलचे निबंध दिले आणि सोबत इंग्रजीचं व्याकरण दिलं, कारण पोराला इंग्रजी येत नव्हतं. माझ्या वर्गात मराठी शाळेतून आलेली, अकरावीला एकदम इंग्रजीत फिजिक्स समोर आल्यावर बावरलेली मुलं असायची. त्यांना ही गोष्ट मी सांगायला हवी होती, ती दुसरी नव्हे.

मग ट्युर्केनश्ट्रासे. ३ नंबरच्या घरात तेव्हा भौतिकशास्त्राची संस्था भरायची. भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर १९०२ ते १९०६ या काळात बोल्ट्झमानकडे शिकली. तिनं लिहून ठेवलंय की त्या संस्थेचं दार कोंबड्यांच्या खुराड्यासारखं होतं. पण त्याच्याइतकी सुंदर व्याख्यानं तिनं आयुष्यात ऐकली नाहीत, असंही तिचंच म्हणणं. तो मधल्या मोठ्या फळ्यावर मुख्य समीकरणं लिहायचा आणि बाजूच्या दोन लहान फळ्यांवर मधल्या पायऱ्या. तास संपला की फळे बघून अख्खं व्याख्यान परत उभं करता यायचं. हे वाचून मी थांबलेच होते. मी एक फळा तीनदा पुसायची. खडूची पूड आणि मुलांचे "मॅडम, थांबा ना" हे सगळं आठवलं.

तिथून चालत बोल्ट्झमानगासे. भौतिकशास्त्राची आजची इमारत ५ नंबरला. याच गल्लीत अमेरिकेची वकिलात, त्यामुळे पोलीस. मी पाटीचा फोटो काढत होते तर एकानं हात वर करून विचारलं, नेमका कशाचा फोटो? "बोल्ट्झमान," मी म्हटलं. त्यानं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून पुढे जा अशी खूण केली.

आता माझ्या गोष्टीचा पहिला टाका. जगानं त्याला वाळीत टाकलं? २५ व्या वर्षी, १८६९ मध्ये, तो ग्राझला प्राध्यापक झाला. पुढे बर्लिन, म्युनिक, लाइपझिग सगळीकडून बोलावणी. बर्लिनला १८८८ मध्ये हो म्हणाला आणि मग नाही म्हणाला. साठाव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात ११७ जणांनी लेख लिहिले. लाइपझिग सोडून १९०२ मध्ये तो व्हिएन्नाला परतला तेव्हा यापुढे परदेशात नोकरी धरणार नाही असं वचन सम्राटाला द्यावं लागलं. १९०३ मध्ये तत्त्वज्ञानाची व्याख्यानं सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळीत टाकलेल्या माणसाची ही लक्षणं नव्हेत.

वाद होते, जोरात होते. अर्न्स्ट माख अणूचं नाव काढलं की विचारायचा, "बघितलाय का एखादा?" रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड म्हणायचा अणू-बिणू सोडा, सगळं ऊर्जाच आहे. १८९५ मध्ये ल्युबेकला बोल्ट्झमान आणि ओस्टवाल्डची जुंपली. तरुण भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड प्रेक्षकांत होता. त्यानं नंतर लिहिलं की हा बैल आणि चपळ तलवारबाज यांचा सामना होता, पण या वेळी बैल, म्हणजे बोल्ट्झमान, जिंकला. आणि याच ओस्टवाल्डनं पाच वर्षांनी बोल्ट्झमानला लाइपझिगला आपल्याकडे नेलं. दोस्ती होती त्यांची.

दिवस चौथा : लिन्झ, धावतपळत

बोल्ट्झमानचं लहानपण लिन्झला गेलं, म्हणून गाडीनं सव्वा तासात तिथे. पाऊस. छत्र्या भाचीकडे राहिलेल्या. आन्टोन ब्रुकनर तेव्हा इथल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि छोट्या लुडविगला पियानो शिकवायचा. एकदा त्यानं आपला ओला रेनकोट पलंगावर टाकला, आईनं झापलं, शिकवणी बंद. पियानो मात्र आयुष्यभर सुटला नाही. आम्ही चर्चमध्ये ओल्या जर्किननिशी बाकावर बसलो तेव्हा नवरा म्हणाला, "जपून टेक, इथल्या आया कडक आहेत."

लुडविग पंधरा वर्षांचा असताना वडील क्षयानं गेले, मागोमाग धाकटा भाऊ. लिन्झचा केक खाल्ला. बरा आहे, आपल्या नानकटाईच्या वळणाचा.

दिवस पाचवा आणि सहावा : ग्राझ

व्हिएन्नाहून ग्राझची गाडी सेमरिंगचा घाट चढते. १८५४ मध्ये सुरू झालेला हा रेल्वेमार्ग कार्ल फॉन गेगानं बांधला. दगडी दुमजली पूल, बोगदे, वळणावर आपलाच पुढचा डबा दिसतो. बोरघाट आठवलाच. कर्जतला वडापाव असतो, इथे डब्यात कॉफीचा गाडा फिरतो.

ग्राझमध्ये बोल्ट्झमान दोनदा राहिला, आणि दुसरी खेप १८७६ ते १८९० अशी चौदा वर्षांची. सगळं मोठं काम बहुतेक इथलं. १८७२ मध्ये वायूतले रेणू आदळून-आपटून समतोलाकडे कसे जातात याचं समीकरण त्यानं दिलं. तेच आज अर्धवाहकांतल्या इलेक्ट्रॉनना आणि अवकाशातून परतणाऱ्या यानाभोवतीच्या विरळ हवेला लावतात. मग १८७७ ची ती मोजणी. श्टेफाननं १८७९ मध्ये प्रयोगांवरून सांगितलं होतं की तापलेली वस्तू तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात प्रारण टाकते. बोल्ट्झमाननं १८८४ मध्ये त्याचं कारण सिद्धांतातून काढून दाखवलं. गुरूनं मोजायचं आणि शिष्यानं का ते सांगायचं, असं एका नियमात दोघांचं नाव अडकलं.

इथेच त्याला हेन्रिएट फॉन आयगेन्टलर भेटली. तिला गणित-भौतिकी शिकायची होती. बायकांना विद्यापीठात परवानगी नव्हती, तिनं अर्ज केले, एक सत्र बसली, मग विभागानं नियमच बदलला, तिनं पुन्हा वर अर्ज केला. लग्नाची मागणी घालणाऱ्या पत्रात त्यानं लिहिलं की नवऱ्याच्या कामात जिला समज आणि रस नाही अशी बायको नुसती घर चालवणारी होते, बरोबरीची सोबतीण होत नाही. १८७६ मध्ये लग्न झालं. पदवीपर्यंत मात्र ती कधी पोहोचली नाही. पत्र सुंदर आहे हे मान्य, पण मला विद्यापीठाच्या चौकात उभं राहून त्या न मिळालेल्या पदवीचाच राग आला. हेन्रिएट बोल्ट्झमानला "माझं गोड गुबगुबीत" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची. बुटका, जाडा, कुरळ्या दाढीचा, जाड भिंगांचा चष्मा. आमच्याकडेही साधारण हीच मूर्ती, दाढी वगळून.

गावाबाहेर टेकडीवर त्यांनी घर घेतलं होतं. मुलांना ताजं दूध मिळावं म्हणून त्यानं बाजारातून गाय आणली, आणि दूध कसं काढायचं हे विचारायला विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला, असा किस्सा सांगतात. मिरजेच्या बाजारात कुणाही गवळ्यानं फुकट सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी श्लॉसबेर्ग टेकडी चढलो. वर घड्याळाचा मनोरा. त्याचे काटे उलटे आहेत, मोठा काटा तासांचा आणि छोटा मिनिटांचा. पूर्वी एकच मोठा तासकाटा होता, लांबून दिसावा म्हणून. मिनिटांचा नंतर बसवला तो छोटा. आम्ही अकरा वाजले समजून खाली उतरायची घाई केली तर प्रत्यक्षात पाच मिनिटं कमी बारा! काळ पुढेच का जातो हा प्रश्न ज्यानं इतका मनावर घेतला, तो चौदा वर्षं या घड्याळाखाली राहिला. यात अर्थ काही नाही, पण मजा वाटली.

ग्राझचा शेवट चांगला नाही. १८८९ मध्ये मोठा मुलगा लुडविग अकरा वर्षांचा असताना अपेंडिक्सनं गेला. दुखणं किती गंभीर आहे हे आपल्याला आधी कळलं नाही याचा दोष त्यानं स्वतःला लावून घेतला. त्यानंतर ते गाव सुटलंच, म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग, पुन्हा व्हिएन्ना. आपला जन्म मंगळवारच्या उत्सवाच्या आणि राखेच्या बुधवारच्या (त्या दिवशी ख्रिस्ती उपवास सुरू होतात) मधल्या रात्रीचा, २० फेब्रुवारी १८४४ चा, म्हणून आपण क्षणात हसतो आणि क्षणात रडतो, असं तो गमतीनं म्हणायचा. मनाच्या त्या दुखण्याला त्या काळी धड औषध नव्हतं. वर दमा, छातीत दुखणं, आणि नजर इतकी अधू की दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे.

दुसरा टाका हा. वर्गात मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आजारी माणूस गोष्टीत बसत नव्हता.

दिवस सातवा : ल्युब्लियानामार्गे त्रिएस्त

दिवसभर गाडी. मारिबोर, मग नदीकाठानं ल्युब्लियाना. तिथे गाडी बदलायला दीड तास होता, त्यात एक सूप झालं. स्लोव्हेनियाची सगळ्यात मोठी संशोधन संस्था योसेफ श्टेफानच्या नावाची आहे. तो मूळचा स्लोव्हेन, तरुणपणी स्लोव्हेनमध्ये कविता करणारा.

गाडीत नवऱ्याला बोल्ट्झमानचं प्रवासवर्णन वाचून दाखवलं. हो, त्यानंही लिहिलंय. १९०५ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायला गेला होता. तिथे दारूबंदी, आणि पाणी त्याच्या पोटाला मानवेना. मग शेजारच्या ओकलंडहून तो चोरून वाइनच्या बाटल्या आणायचा. जेवणात ओटमील आलं तेव्हा लिहितो की व्हिएन्नात हा लगदा हंसांना पुष्ट करायला घालतील, पण व्हिएन्नाचे हंस तो खातील असं वाटत नाही. पुढच्या डब्यातले लोक वळून बघतील इतका नवरा हसला. मरणाच्या एकच वर्ष आधीचा हा मजकूर आहे.

त्रिएस्तला समुद्र दिसला तेव्हा संध्याकाळ. शहराबाहेर मिरामारेला अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभारलेलं सैद्धांतिक भौतिकीचं केंद्र आहे. गरीब देशांतल्या भौतिकीवाल्यांनी इथे येऊन काम करावं हा हेतू, आणि आपल्याकडचे कितीतरी लोक इथे येऊन गेले. आमच्या एका विद्यार्थिनीनं तिथून मला पोस्टकार्ड धाडलं होतं, ते अजून कपाटात आहे.

सांख्यिकी भौतिकीतला सगळ्यात मोठा मान म्हणजे बोल्ट्झमान पदक. २०२२ चं पदक दोघांत मिळून गेलं. एक जॉन हॉपफील्ड, आणि दुसरे दीपक धार, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आयुष्य घालवून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आलेले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. वाळूच्या ढिगावर एकेक कण टाकत गेलं की तो कधी आणि किती घसरेल, याच्या प्रारूपाचं नेमकं गणित त्यांनी मांडलं. हॉपफील्डला २०२४ चं नोबेल मिळालं ते जेफ्री हिंटनबरोबर, आणि हिंटनच्या ज्या संगणकी जाळ्याचा त्यात उल्लेख आहे त्याचं नाव बोल्ट्झमान मशीन. भाचीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आम्ही ऑफिसात रोज सॉफ्टमॅक्स वापरतो, ते सूत्र याचंच." तिनं लिहून पाठवलं. खरंच, कुठल्या ऊर्जेला किती रेणू सापडतील हे सांगणारं बोल्ट्झमानचं तेच घातांकाचं सूत्र, फक्त रेणूंच्या जागी शब्द.

दिवस आठवा : दुइनो

त्रिएस्तहून बसनं सिस्तियाना, तिथून कड्यावरच्या पायवाटेनं दुइनो. दोनेक किलोमीटर. पांढरे चुनखडीचे खडक, खाली निळं पाणी, पाइनचा वास. वाट रिल्के या कवीच्या नावाची आहे, तो इथल्या किल्ल्यात १९१२ मध्ये पाहुणा होता. गावभर पाट्या त्याच्याच.

१९०६ मध्ये हे ऑस्ट्रिया-हंगेरीतलं गाव होतं. त्या वर्षीची उन्हाळी व्याख्यानं बोल्ट्झमाननं प्रकृतीमुळे रद्द केली होती. हेन्रिएटला किती वर्षांपासून समुद्र बघायचा होता, म्हणून धाकट्या मुलीला, एल्साला, घेऊन तिघं इथे आले. ५ सप्टेंबरला मायलेकी पोहायला गेल्या असताना हॉटेलच्या खोलीत त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय ६२. आम्ही पोहोचलो ती तारीख ९ होती. गाडीच्या आरक्षणांनी जसं जमलं तसं.

ते हॉटेल कुठलं, फलक आहे का, हे मी शोधलं नाही. ठरवून आले होते शोधायचं म्हणून, पण बंदरावर एक बाई मुलीचे ओले केस टॉवेलनं पुसत होती आणि मुलगी "सोड ना" अशा अर्थाचं काहीतरी ओरडत होती. मी भिंतीवर बसून राहिले.

तिसरा टाका मला इथे उसवायचा होता. "दोनच वर्षांनी अणू सिद्ध झाले" हे वाक्य मी असं म्हणायचे की जणू तो दोन वर्षं थांबला असता तर वाचला असता. रेणूंच्या धक्क्यांनी द्रवातले बारीक कण कसे हलतात यावरचा आइनस्टाइनचा निबंध १९०५ चा, त्याच्या हयातीतला. व्हिएन्नातच शिकलेल्या स्मोलुखोव्स्कीचा १९०६ चा. फ्रान्समध्ये पेरँनं १९०८ पासून ते प्रयोगात मोजून दाखवलं आणि १९०९ मध्ये ओस्टवाल्डनं अणू मान्य केले. वारं आधीच फिरलं होतं. निकाल हातात ठेवला असता तरी त्याला झोप लागली असती का, हे मी कोण सांगणार? वाद हरल्यानं माणूस जातो, ही गोष्ट मी चाळीस-चाळीस सतरा वर्षांच्या मुलांना ऐकवत होते, तीही बारावीच्या वर्षात. त्यातलं कोण काय घेऊन घरी गेलं असेल?

नवरा पलीकडच्या गाड्यावरून दोन आइस्क्रीम घेऊन आला. माझं वितळायला लागलं होतं. थडग्यावरच्या त्या के ची किंमत आता मोजत नाहीत, २० मे २०१९ पासून ती ठरवूनच टाकली आहे, १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेवीसावा घात ज्यूल प्रति केल्विन, आणि केल्विनची व्याख्या तिच्यावरून होते. म्हणजे भाचीच्या घरातला तापमापी असो की आमच्या सांगलीच्या दवाखान्यातला, सगळे शेवटी त्याच्याच नावानं चालतात. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी खा."

परतीच्या बसची वाट बघताना भाचीचा फोटो आला. वरणाचं पातेलं. खाली लिहिलं होतं, "त्या बरणीतलं मिश्रण तसंच फोडणीला टाकलं. मोहरी तडतडेपर्यंत थांबले तर जिरं करपलं."